मनोरे वाढले, माणसं पांगली: गिरणगाव

२००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबईची लोकसंख्या साडेचार लाखांहून जास्त वाढली. त्याच दहा वर्षांत वरळी, लोअर परळ, प्रभादेवी हा भाग ज्यात येतो त्या महापालिकेच्या जी-दक्षिण विभागातली माणसं मात्र कमी झाली. साडेचार लाखांच्या वर असलेला आकडा पावणेचार लाखांच्या आसपास आला. शेजारच्या एफ-दक्षिणची, म्हणजे परळ, लालबाग, शिवडीची, तीच गत. तिथे चार लाखांच्या जवळ पोचलेली वस्ती सुमारे ३ लाख ६० हजारांवर उतरली. इथे जुन्या गिरण्यांच्या जागी मनोरे चढायला लागले ते याच वर्षांत. ही माणसं गेली कुठे आणि का, हे समजलं की गिरणगाव समजतं.

गिरणगाव नावाचं स्टेशन नाही. भायखळा मागे टाकून चिंचपोकळीकडे निघालं की ते सुरू होतं आणि लालबाग, परळ, करी रोड, डिलाईल रोड, लोअर परळ, वरळी, नायगाव असं पसरत दादरच्या अलीकडे संपतं. मुंबईतली पहिली कापडगिरणी याच्या थोडी दक्षिणेला, ताडदेवला. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये तिची कंपनी काढली, १८५६ मध्ये चाकं फिरायला लागली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांच्या हातात अमाप पैसा खेळला आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळच्या वाड्या-शेतांमध्ये धुराडी उभी राहिली. माणसं आली ती रत्नागिरीतून, सातारा-कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरून. साचे चालवणारे पद्मशाली तेलंगणातून आले, मोमीन विणकर उत्तरेतून. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या शंभरांपैकी ८४ माणसांचा जन्म मुंबईबाहेर झालेला होता, आणि दर हजार पुरुषांमागे बायका होत्या जेमतेम सव्वापाचशे. शहर पुरुषांचं, घर गावाला आणि मनिऑर्डर दर महिन्याला, अशी ही वस्ती वसली.

त्या वस्तीचा गाभा म्हणजे गावाची खोली. डिलाईल रोड, करी रोडच्या चाळींत आजरा, चंदगड, गडहिंग्लजकडच्या किंवा कोकणातल्या एखाद्या गावाने मिळून खोली घेतलेली असते. भाडेपावती दोघाचौघांच्या नावावर, पण हक्क साऱ्या गावाचा. दहा बाय पंधराच्या जागेत वीस-तीस जणांच्या ट्रंका भिंतीला लागून एकावर एक, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात मोरी, देवळीत ग्रामदैवताचा फोटो आणि त्याच्या शेजारी वर्गणीची वही. पहिल्या पाळीचे दुपारी परतले की दुसऱ्या पाळीचे निघायचे. रातपाळीवाले सकाळी येऊन त्याच वळकट्यांवर आडवे व्हायचे. पावसाळ्यातही निम्मे जण गॅलरीत झोपायचे. खोलीला कारभारी असे, महिन्याची बैठक असे, दारू पिऊन येणाऱ्याला दंड असे. गावातला नवा पोरगा मुंबईत उतरला की त्याला पत्ता शोधावा लागत नसे, आणि कुणी आजारी पडलं तर खोलीच्या वर्गणीतून त्याला गावी पोचवलं जाई. गावातली शाळा, देवळाचा जीर्णोद्धार, नळपाणी योजना यांचे पैसे याच खोल्यांमधून गेले. यातल्या काही खोल्या अजून नांदत्या आहेत. आता तिथे सिक्युरिटीत, कुरिअरमध्ये, हॉटेलात काम करणारी पोरं राहतात.

या खोलीचा विषय लांबवला तो मुद्दाम. चाळ पाडून इमारत बांधायची वेळ येते तेव्हा हिशेब खोलीमागे एक घर असा होतो. तीस जणांनी तीन पिढ्या वापरलेली जागा कायद्याच्या नजरेत एका भाडेकरूची ठरते. जनगणनेतून माणसं गळतात ती अशीही. मालमत्ता कुणाची हे लिहिणारा रकाना असतो, आसरा कुणाकुणाचा हे लिहिणारा नसतो.

बीडीडी चाळी या साऱ्यातलं सरकारी बांधकाम. प्लेगनंतर दाटीवाटीच्या वस्त्या हलवायच्या म्हणून आधी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळी बांधल्या; परळच्या पोयबावडीतल्या अशाच बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं राहिले. मग १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजल्यावर तीन मजले, एकेका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. जात इथेही सोबत आली. गिरणीत दलित कामगाराला सूतखात्यात काम मिळे, साचेखात्यात मिळत नसे, कारण तुटलेला धागा धोट्यात ओवताना तो तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ सवर्ण साचेवाल्यांना चालत नसे. साचेखात्यात पगार जास्त. १९२८ च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. गिरणगावाच्या एकजुटीबद्दल आपण अभिमानाने बोलतो, तेव्हा ही बाजू गाळून बोलणं मला पटत नाही.

आणि बायका. सुरुवातीच्या काळात रिळाच्या आणि वाइंडिंगच्या खात्यांत त्या मोठ्या संख्येने होत्या. पुढे रातपाळीवरची बंदी, यंत्रांचा फेरबदल, कायदे अशा निरनिराळ्या कारणांनी त्यांना बाहेर काढलं गेलं. उरली ती खानावळ. एकट्या पुरुषांच्या या वस्तीला जेवू घालणारी खानावळवाली दहा-वीस गडी सांभाळायची. पगार झाला की पैसे यायचे, तोवर किराणा उधार, व्याजाचा बोजा तिच्या डोक्यावर. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. सात वर्षांनी संप झाला तेव्हा घरं कुणी चालवली, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं, आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा रद्द करणं, या मागण्या. संप रीतसर मागे घेतला गेला असं कधी झालंच नाही. वर्ष-दीड वर्षात लोक हळूहळू कामावर परतले, पण हजारोंना परत घेतलंच नाही. गिरण्यांचं दुखणं त्याआधीचं होतं. यंत्रं जुनाट, यंत्रमागांची भिवंडी-इचलकरंजीकडून स्पर्धा, नफा भलत्याच धंद्यात वळवलेला. संपाने मालकांना निमित्त मिळालं. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकात त्या घरांची पडझड आहे.

नोकरी गेली तरी खोली होती. खोली आणि वस्ती जायला सुरुवात झाली ती जमिनीचा भाव कळल्यावर. सगळ्या गिरण्यांची मिळून जमीन सुमारे ६०० एकर, तीही भर शहरात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिची वाटणी ठरवली: एक तृतीयांश महापालिकेला मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या साऱ्या जमिनीचा एकत्र विचार करा असं सांगितलं. ते झालं नाही. उलट २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची ठरली. जिथे शेड उभी होती ती जमीन पाडकामानंतरही मालकाची. गिरणीत मोकळी जागा असते किती? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जुना अर्थ उचलून धरला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरणीमालकांच्या बाजूने निकाल दिला. दोनशे-दोनशे एकरांच्या जागी मैदानांना आणि घरांना तुकडे मिळाले. सरकारी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानेही २००५ मध्ये ज्युपिटर, अपोलो, मुंबई टेक्स्टाइल, एल्फिन्स्टन, कोहिनूर या गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या.

गिरणगाव काळाच्या ओघात बदललं असं म्हणतात. ओघ कसला, ही सह्यांनी झालेली कामं आहेत, आणि वेगळ्या सह्या झाल्या असत्या तर इथली वस्ती वेगळी असती.

जमिनीच्या त्या वाटणीचा परिणाम २०१७ मध्ये तीन महिन्यांच्या आत दोनदा समोर आला. २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. गिरण्यांच्या जागी आलेल्या कचेऱ्यांमध्ये रोज सकाळी उपनगरांतून लोंढा येतो, तो त्या जुन्या जिन्यांवरूनच उतरत होता. २९ डिसेंबरला मध्यरात्र उलटल्यावर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना लागलेल्या आगीत १४ जण गेले. कचेरीसाठी दिलेल्या जमिनीवर रस्ता, पूल, मोकळी जागा यांचा हिशेब मांडला गेला नाही, म्हणून एवढी माणसं मेली. स्टेशनचं नाव पुढच्या वर्षी प्रभादेवी झालं, लष्कराने नवा पूलही बांधून दिला.

आज लोअर परळमध्ये एका अंगाला फिनिक्स मिलचा मॉल, पलीकडे मथुरादास, रघुवंशी, कमला, टोडी अशी गिरण्यांची नावं लावलेली कचेऱ्यांची आवारं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं-मुली पदपथावर वडापाव खातात. त्यांतले बहुतेक ठाणे, डोंबिवली, मीरा रोडचे, संध्याकाळी परतणारे. मनोऱ्यांमध्ये जी कुटुंबं राहतात त्यांची गाडी तळघरातून निघते, वाणसामान फोनवरून येतं. एका मजल्यावर दोन-चार घरं आणि त्यांतली काही गुंतवणुकीची म्हणून बंद, तिथे जुन्या चाळीतल्या एका मजल्याएवढी माणसं मनोऱ्याच्या कित्येक मजल्यांवर मिळूनही सापडणं कठीण. याच मनोऱ्यांच्या फाटकावर उभा असलेला रखवालदार किंवा वर घरकामाला जाणारी बाई पुष्कळदा शेजारच्या चाळीतली असते. संपातल्या कामगारांची नातवंडं बँकांत, आयटीत, शिक्षकी पेशात गेली, हेही खरं आहे आणि सांगायला हवं. पण ती इथे घर घेऊ शकत नाहीत.

पांगलेली माणसं परत येतात ती दोनदा. एकदा गणपतीत. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेश गल्लीचा १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा. टीव्हीवरच्या नवसाच्या रांगेपेक्षा गल्लीतल्या मंडळाच्या आरतीला जावं; विरार, बदलापूर, दिव्याहून आलेले जुने शेजारी तिथे भेटतात. दुसऱ्यांदा एप्रिल-मेमध्ये, लालबागच्या मसाला बाजारात. ब्याडगीने रंग येतो, संकेश्वरीने तिखट, असं ठरवून बायका मिरच्या निवडून घेतात, देठ काढायला तिथेच बसतात, धणे-खसखस भट्टीवर भाजून घेतात आणि डंकावर नंबर लावतात. लोखंडी मुसळं वरखाली होत असतात, ठसक्याने सगळ्यांचे डोळे वाहतात आणि त्यातच कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाची चाळ पडली याची देवाणघेवाण चालते. घाटी मसाला वेगळा, मालवणी वेगळा, आणि कुटणाऱ्याला तुमच्या आजीचं प्रमाण माहीत असतं. गिरणगाव पाहायला येणाऱ्याने आधी इथे यावं, मॉल नंतर पाहावा.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींमधल्या ५५६ कुटुंबांना नव्या चाळीस मजली इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांत चार पिढ्या काढलेल्यांना त्याच जागी, फुकट मिळालेलं हे घर. त्याचा आनंद मानायलाच हवा. मला काळजी आहे ती लिफ्ट, पंप, देखभाल यांच्या महिन्याच्या खर्चाची. तो निवृत्तिवेतन नसलेल्या घराला झेपला नाही तर ही घरंही दहा-पंधरा वर्षांत विकली जातील.

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. अर्ज दीड लाखाच्या घरात, घरं त्या मानाने मोजकी, ती २२५ चौरस फुटांची. बाकीच्यांना आता सरकार बदलापूरच्याही पुढे शेलू-वांगणीला घरं देऊ करतंय. जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आणि गेलेल्या कामगारांच्या विधवा आझाद मैदानावर बसले, ते घर मुंबईतच हवं म्हणून. वस्त्रोद्योग महामंडळाच्या जमिनीवरच्या ११ चाळी अजून उभ्या आहेत, टेकू लावलेल्या, पावसाळ्यात गळणाऱ्या. त्यांचा आराखडा अजून ठरायचा आहे. तिथे कोण राहील, खोलीमागे घर मोजायचं की माणसांमागे, हे अजून कागदावर आलेलं नाही, आणि म्हणून त्या चाळींतल्या बैठका दर रविवारी भरतात.