डहाणूचा गंधक आणि संयुगाचे बंधन

तलासरीकडच्या एखाद्या वारली घराची कुडाची भिंत शेणामातीने लिंपून तिच्यावर गेरूचा हात फिरवला म्हणजे जी तांबडी भूमी तयार होते, आणि जिच्यावर पुढे तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जातो, त्या भूमीचा रंग लोखंड आणि प्राणवायू या दोन मूलद्रव्यांच्या संयोगातून आलेला असतो. लोखंड लोहचुंबकाकडे झेपावते आणि प्राणवायू ज्वलनास साहाय्य करतो. परंतु गेरूला तांबडेपणा देणारे त्यांचे अपत्य चुंबकाला जवळजवळ जुमानत नाही, विस्तवात टाकले तरी जळत नाही, आणि वजनी 100 भागांत 70 भाग लोखंड व 30 भाग प्राणवायू हे आपले प्रमाण जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात बदलू देत नाही. घटकांचे प्रमाण असे ठरलेले असणे आणि घटकांचे गुणधर्म लोपून सर्वस्वी नवे गुणधर्म प्रकट होणे, या दोन लक्षणांवरून संयुग ओळखावे; वाळूत साखर कालवली तर ते केवळ मिश्रण होय.

संयुगातील अणू परस्परांना धरून कसे राहतात, याचा समाधानकारक उलगडा 1916 साली जर्मनीत वॉल्थर कोसेल आणि अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी स्वतंत्रपणे केला. अणूच्या केंद्राभोवती जे इलेक्ट्रॉन असतात, त्यांपैकी अगदी बाहेरच्यांच्या जोरावरच हा सारा व्यवहार चालतो, आणि तो समजून घेण्यास आपल्या महसुली दप्तराची भाषा चांगली उपयोगी पडते. मिठामध्ये सोडियमचा अणू आपला बाहेरचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला कायम खरेदीखत करून द्यावा तसा देऊन टाकतो; त्यामुळे एक धनभारित आणि दुसरा ऋणभारित होऊन दोघे विद्युत् आकर्षणाने जखडले जातात, प्रत्येकाभोवती विरुद्ध भाराचे सहा शेजारी उभे राहतात, आणि ही तटबंदी इतकी भक्कम असते की मीठ वितळवण्यास 801 अंश सेल्सिअस तापमान लागते. हा आयनिक बंध. पाण्यात किंवा गंधकाच्या धुरात मात्र कोणीच आपला हक्क सोडत नाही. इलेक्ट्रॉनांची जोडी दोन्ही अणूंच्या सामाईक खात्यावर नोंदली जाते, आणि त्यास सहसंयुज बंध म्हणतात. पाठ्यपुस्तके हे दोन प्रकार निरनिराळ्या रकान्यांत मांडतात; प्रत्यक्षात पुष्कळशी संयुगे, आपला गेरूसुद्धा, या दोन टोकांच्या मधेच कोठेतरी वसलेली आहेत.

या बंधांचे महत्त्व तलासरीशेजारच्या डहाणूइतके क्वचितच कोणत्या तालुक्याला न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाऊन कळले असेल. 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. आणि त्याच तालुक्यात, खाडीकाठी, 500 मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. दगडी कोळशात थोडा गंधक असतो. गंधक स्वतः निरुपद्रवी, खरजेच्या मलमात घालण्याजोगा पिवळा पदार्थ. परंतु जळताना एक किलो गंधक एक किलो प्राणवायूशी संयोग पावतो आणि दोन किलो सल्फर डाय-ऑक्साइड निर्माण होतो, जो घसा जाळतो आणि हवेतील ओलाव्याशी मिळून आम्ल बनतो. म्हणून या वीजकेंद्राविषयी तेथील चिकूच्या बागायतदारांना वाटणारी धास्ती निराधार नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या हुकुमानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. 1999 साली त्याने धुरातील हा वायू काढून टाकणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. आणि त्या आदेशाची प्रत्यक्ष अंमलबजावणी होण्यास 2007 साल उजाडले. रासायनिक विक्रियेला लागणाऱ्या वेळाशी ही मुदत ताडून पाहण्याचा मोह आवरलेलाच बरा.

आता, कोणत्याही न्यायासनाच्या हुकुमाने गंधकाचा एक अणूही नाहीसा होत नाही, आणि संयुग झालेला गंधक चाळणीने वेगळाही करता येत नाही. त्याला केवळ अधिक शांत अशा दुसऱ्या बंधनात घालता येते. डहाणूस यासाठी समुद्र जवळच होता. समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेले असते आणि त्यामुळे ते किंचित अल्कधर्मी असते. उंच मनोऱ्यात वरून हे पाणी व खालून धूर सोडला म्हणजे सल्फर डाय-ऑक्साइड पाण्यात विरघळून आम्लता निर्माण करतो. बायकार्बोनेट ती आम्लता शोषून घेते. आणि नंतर त्या पाण्यात हवा खेळवली की गंधकाला आणखी प्राणवायू मिळून त्याचे सल्फेट होते. सल्फेटात गंधकाच्या एका अणूला चार प्राणवायू सहसंयुज बंधांनी घट्ट धरून असतात, आणि हा संपूर्ण समूहच ऋणभार घेऊन पाण्यात वावरतो. समुद्राच्या दर लिटर पाण्यात मुळातच सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असते, म्हणून तेथे ही भर परकी ठरत नाही. ज्या अणूंनी हवेत घसा जाळला असता, तेच अणू अशा रीतीने निव्वळ खारेपणात जमा होतात.

या हिशेबात एक खर्चाची बाजूही आहे. गंधकाच्या धुराचा एक रेणू असा जेरबंद करताना बायकार्बोनेटाचे दोन बंध मोडतात आणि कार्बन डाय-ऑक्साइडचे दोन रेणू मोकळे होतात. म्हणजे 64 किलो सल्फर डाय-ऑक्साइड अडवला की 88 किलो कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो. खुद्द कोळशाच्या ज्वलनातून त्याच धुराड्यावाटे जो कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो, त्याच्या मानाने ही भर किरकोळ आहे. आणि त्या मोठ्या राशीला मात्र या मनोऱ्यात फारसा अटकाव होत नाही.