नोकरीचा शोध व नवीं साधनें

शालेय शिक्षण पुरें होतांच प्रत्येक तरुणापुढें एक प्रश्न उभा राहतो : आतां काम कोठें मिळेल ? आपल्या विट्यास हा प्रश्न नवा नाहीं. खानापूर तालुक्यांत पाऊस थोडा. म्हणून येथील पुष्कळ कुटुंबांनीं गलाईचा, म्हणजे जुनें सोनेंचांदी वितळवून व तेजाबानें हीण वेगळें करून शुद्ध धातु काढण्याचा, धंदा धरिला आणि त्यानिमित्त तीं भारतांतील दूरदूरच्या शहरीं जाऊन राहिलीं.

त्या धंद्यांत मुलास काम कसें मिळे ? जाहिरातीनें नव्हे, ओळखीनें. परगांवचा मामा किंवा चुलता निरोप धाडी आणि मुलगा त्याच्या दुकानीं जाई. जेथें हातांत सोनें द्यावयाचें, तेथें परक्यावर विश्वास कोण ठेवणार ? मुलाच्या मागें नातलगाचा शब्द असे. ही रीत भरंवशाची खरी. परंतु तींत एक मोठी उणीव होती. ज्याचा कोणी मामा परगांवीं नाहीं, त्यास तें दार बंद. आणि मुलींस तर तें बहुधा बंदच.

दार सर्वांस उघडें असावें म्हणून सरकारनें सेवायोजन कार्यालयें काढिलीं व १९५९ सालीं कायदा करून ठराविक मालकांस रिकाम्या जागा कळविणें बंधनकारक केलें. आज तेंच कार्य इंटरनेटवर चालतें. केंद्र सरकारचें ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हें संकेतस्थळ २०१५ सालीं सुरू झालें. राज्य सरकारचें ‘महास्वयम’ आहे. दोहोंवर नांवनोंदणी विनामूल्य होते. खाजगी संकेतस्थळांपैकीं ‘नोकरी डॉट कॉम’ १९९७ सालचें, तर ‘लिंक्डइन’ २००३ सालीं अमेरिकेंत सुरू झालेलें. लिंक्डइनवर सोळा वर्षें पुरीं झालेला कोणीही आपलें शिक्षण व अनुभव मांडूं शकतो. ज्यास मामा नाहीं, त्यानें आपली ओळख आपणच करून द्यावी, अशी ही सोय आहे.

मात्र ओळख कशी करून द्यावी, हें शिकलें पाहिजे. ‘मी कष्टाळू व प्रामाणिक आहें’ असें लिहिल्यानें वाचणारास कांहींच कळत नाहीं. ‘मीं यंत्रमागावर दोन वर्षें काम केलें, तुटलेला धागा सांधतां येतो, मालाचा हिशेबही ठेवितां येतो’ असें लिहिलें कीं माणूस डोळ्यांपुढें उभा राहतो. दुसरें असें कीं, अनोळखी वडीलधाऱ्यास पत्र लिहितांना एकदम नोकरी मागूं नये. प्रथम आपण कोण, कोठले तें सांगावें. मग त्यांच्या कामाविषयीं एकदोन नेमके प्रश्न विचारावे. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपासून आरंभ करणें उत्तम. तिसरें, फेसबुक वा इन्स्टाग्रामवर आपण जें लिहितों, तें उद्यांचा मालकही वाचूं शकतो, याचें भान ठेवावें.

आतां धोक्याविषयीं. जुन्या रीतींत शब्द देणारा माणूस समोर असे. येथें तो दिसत नाहीं, आणि लबाड लोक याचाच फायदा घेतात. व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामवर निरोप येतो : घरबसल्या काम, भरपूर पगार. आरंभीं थोडे पैसे खरोखर मिळतात. विश्वास बसला कीं ‘अनामत’ मागितली जाते आणि ती परत येत नाहीं. नोकरी देण्यापूर्वीं जो पैसे मागतो, त्यास दुरूनच नमस्कार करावा. ओटीपी कोणासही सांगूं नये. जागा खरी आहे कीं नाहीं, तें त्या कंपनीच्या किंवा लोकसेवा आयोगाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावें. फसवणूक झालीच, तर लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढें सरकण्यापूर्वीं अडवितां येण्याची आशा अधिक.

विद्यार्थीमित्रहो, हीं साधनें आपलें नांव दूरच्या दारापर्यंत पोंचवितील. त्यापलीकडचें काम त्यांचें नाहीं. आपल्या गांवचा गलाईवाला सोन्याची पारख त्याच्या चकाकीवरून करीत नाहीं, कसावरून करितो. मालकही तेंच करील. म्हणून नांव नोंदविण्याआधीं हातांत एखादें तरी काम पक्कें आणा. मग तें नांव निःसंकोचपणें जगापुढें ठेवा.