रांगडं अक्षर कुठं शोभतं

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडं मलकापूर लागतं. धावत्या गाडीतून हॉटेलाची पाटी नजरेला पडते ती क्षणभर. अशा पाटीला, कुस्ती मैदानाच्या फ्लेक्सला किंवा गुळाच्या खोक्याला जाड, खडबडीत कडांचं, हाताने काढल्यासारखं अक्षर हवं असतं. असा फॉन्ट डिस्प्ले प्रकारात मोडतो. तो मथळ्यासाठी असतो, मजकुरासाठी नव्हे.

खडबडीतपणा येतो कुठून?

ब्रशवर रंग कमी असला की फटकाऱ्याच्या शेवटी केसांच्या रेघा उमटतात आणि भिंतीचे खोलगट भाग मध्येमध्ये कोरे राहतात. फॉन्ट करणारा अशी अक्षरं कागदावर काढून स्कॅन करतो आणि त्यांच्या बाह्यरेषा संगणकावर उतरवतो.

चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुराला रंगवलेल्या जाहिरातीचं अप्रूप नाही. मराठी नाटकांची शीर्षकं घडवणारे कमल शेडगे (1935–2020) दर नाटकाला अक्षर नव्यानं काढत. फॉन्टमध्ये मात्र तेच अक्षर पुन्हा पुन्हा येतं. ‘कोकणकडा’ लिहा: तिन्ही ‘क’वर एकाच जागी एकच ओरखडा दिसला की हातचलाखी उघडी पडते. म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये एका अक्षराची दोन-तीन रूपं ठेवतात.

देवनागरीची अडचण

वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. अक्षर जाड केलं की त्याचं पोट बुजतं. ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेच्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी ‘मोदक’ या फॉन्टमध्ये ही जाडी टोकाला नेली. आतल्या पोकळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या. पण त्याच्या कडा गुळगुळीत आहेत. एवढ्या जाडीवर ओरखडेही चढवले, तर ‘ब’च्या पोटातली रेघ हरवते आणि ‘बाजार’चा ‘वाजार’ होतो. शिरोरेषेचंही तसंच. दोन अक्षरं जुळतात तिथंच कोरी जागा आली, तर शब्द तुटका दिसतो.

खरं तर पुष्कळदा खडबडीत कडांची गरजच नसते. मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला ‘यात्रा वन’ स्वच्छ कडांचा आहे, तरी ब्रशचा तोरा राखतो. शिवाय फुकट मिळतो.

वापरताना

तीन-चार शब्द, मोठ्या आकारात, एवढंच रांगड्या फॉन्टचं काम. पत्ता, तारीख, फोन नंबर ‘मुक्ता’सारख्या साध्या फॉन्टमध्ये द्यावेत. फ्लेक्सवर खडबडीतपणा छान उतरतो. चिकटवायच्या रेडियमची अक्षरं कापताना मात्र प्रत्येक ठिपका वेगळा कापावा लागतो आणि बारीक तुकडे सोलताना निघून येतात.

फॉन्ट घेण्याआधी ‘पन्हाळा’, ‘विशाळगड’ आणि ‘दऱ्या’ लिहून पाहावं. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात का, तेही तपासावं. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच ते येतात. ‘दऱ्या’तला अर्धा र नीट जुळला नाही, तर तो फॉन्ट मराठी पाटीच्या कामाचा नाही.