कारखान्यातील ज्ञानसंग्रह आणि कामगाराची भाषा

कारखान्यात अनुभवाने साठलेले ज्ञान नोंदवून ठेवणे, त्याची वर्गवारी करणे आणि प्रसंगी ते काम करणाऱ्याच्या हाती देणे, या व्यवस्थेस ज्ञानव्यवस्थापन अशी संज्ञा आहे. पाळीची नोंदवही, यंत्राची माहितीपुस्तिका, कार्यपद्धतीचे पत्रक आणि अलीकडचा संगणकीय संग्रह ही सर्व तिचीच रूपे होत. अशा व्यवस्थेने व्यक्तीचे काम सुधारते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत कोणत्या अटींवर खरे ठरते, याचा विचार भाषेच्या अंगाने मात्र क्वचितच होतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा पट्टा या विचारास विशेष सोयीचा आहे. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा गंधकाम्लाचा कारखाना आणि १९५३ मध्ये सुरू झालेला मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना यांनी अंबरनाथच्या औद्योगिक जीवनास आकार दिला. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढलेले शहर. हे नाव त्यास १९४९ मध्ये मिळाले. बदलापुरातही रासायनिक उद्योगांची वसाहत आहे. अशा ठिकाणी कामगारांच्या तोंडी मराठी, हिंदी, सिंधी अशा अनेक भाषा असतात आणि तांत्रिक कागदपत्रे बहुधा इंग्रजीत असतात.

गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये ‘अमुक आहे हे जाणणे’ आणि ‘अमुक कसे करावे हे जाणणे’ यांतील भेद मांडला. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये अव्यक्त ज्ञानाची कल्पना विशद केली, तर नोनाका व ताकेउची यांनी १९९५ मध्ये अव्यक्ताचे प्रकट ज्ञानात रूपांतर कसे होते याचे विवेचन केले. हे रूपांतर बव्हंशी भाषेच्या द्वारे होते. यास्तव भाषेत जे निसटेल, ते संग्रहातूनही निसटेल.

गंधकाम्ल पातळ करण्याचे उदाहरण घ्यावे. तीव्र गंधकाम्लाचा पाण्याशी संयोग होताना पुष्कळ उष्णता निर्माण होते. हे आम्ल पाण्याच्या सुमारे १.८ पट जड असल्यामुळे त्यावर ओतलेले पाणी वरच राहते, तेथेच उकळते आणि आम्लाचे शिंतोडे उडवते. म्हणून पाण्यात आम्ल हळूहळू सोडावयाचे असते. आम्लात पाणी कधीही ओतावयाचे नसते. आता ‘आम्लाचे पाण्याने विरलन करण्यात यावे’ हे वाक्य पाहावे. इंग्रजी सूचनेच्या शब्दशः भाषांतरात अशी रचना सहज येते आणि ती व्याकरणदृष्ट्या निर्दोषही आहे. परंतु ‘पाण्याने’ या तृतीयेतून साधन कळते, ओतण्याची दिशा कळत नाही. ‘करण्यात यावे’ या रचनेत कर्ता लोपतो. आणि ‘विरलन’ हा शब्द कामगाराच्या बोलण्यातला नव्हे. आमटी पातळ करावयाची म्हणजे आमटीत पाणी घालावयाचे, हा ज्याचा घरचा अनुभव, तो ही सूचना वाचून आम्लातच पाणी ओतण्याचा संभव आहे. याउलट ‘आधी पाणी घ्यायचं, मग त्यात थोडं थोडं ॲसिड सोडायचं’ या वाक्यात क्रम ‘आधी-मग’ने आणि दिशा ‘त्यात’ या सप्तमीने पक्की होते. ज्ञान तेच, परंतु एक वाक्य दप्तरात शोभते आणि दुसरे माणसाचे डोळे वाचवते.

कायद्यानेही हा प्रश्न ओळखला होता. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर कारखाने अधिनियम, १९४८ यात १९८७ मध्ये दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांस देण्याचे बंधन आले. त्याच अधिनियमाच्या कलम १०८ अन्वये कारखान्यात लावावयाच्या वैधानिक सूचना इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेत असणे आवश्यक होते. तथापि समजणारी भाषा म्हणजे केवळ मराठी वा हिंदी असे नव्हे. त्या भाषेतील कोणती रचना आणि कोणती शब्दावली, हा प्रश्न त्यापुढे उरतोच.

दुसरा प्रश्न संग्रहात काय नोंदले जाते हा होय. जीन्सच्या शिवणकामात कटिंग मास्टरचा पुठ्ठ्याचा फर्मा हाही एक ज्ञानसंग्रहच आहे. धुलाईत कापड किती आटेल याचा अंदाज घेऊन फर्म्याची मापे वाढवून धरलेली असतात. तो हाती आला की नवशिक्याही नेटके कापतो. कापड बदलले की मात्र अडतो. पुठ्ठ्यावर आकार उतरलेला असतो, त्यामागील हिशेब नव्हे. अशा संग्रहाने नित्याच्या कामातील वेग वाढतो, परंतु अनपेक्षित प्रसंगी लागणारा विवेक त्यातून आपोआप येत नाही.

हा हिशेब बहुधा बोलण्यात जिवंत असतो. ज्युलियन ऑर यांनी छायाप्रती यंत्रांच्या दुरुस्तीकारांवरील १९९६ च्या ग्रंथात दाखविले की, बिघाडांचे किस्से परस्परांस सांगत हे कारागीर आपले ज्ञान घडवितात व टिकवितात. यावरून एवढे म्हणता येईल की, पाळी सोडताना एक ऑपरेटर दुसऱ्यास जे सांगतो, ते त्याच्याच शब्दांत नोंदविण्यास संग्रहात जागा असली पाहिजे. केवळ वरून खाली येणारा संग्रह कामगारास वाचक करतो. त्याची नोंद स्वीकारणारा संग्रह त्यास ज्ञानाचा भागीदार करतो.

सगळेच कौशल्य शब्दांत उतरत नाही. यंत्राच्या आवाजातील फरक ओळखणे जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. परंतु जे उतरू शकते, तेही परक्या रचनेत अडकून पडावे, हे योग्य नव्हे. जुना फिटर निवृत्त होतो तेव्हा त्याच्याबरोबर कामाची एक शब्दावलीही कारखान्याबाहेर जाते. ती वेळीच टिपून घेणे हे भाषाभ्यासकाचे कार्य होय, आणि ज्ञानव्यवस्थापनाचा आरंभही तेथूनच व्हावयास हवा.