मज्जातंतूंचा स्नेह

संस्कृतांत ‘स्नेह’ या एकाच शब्दानें तेलतूपही सांगतां येतें व ममताही. मेंदूच्या बाबतींत पहिला अर्थ अक्षरशः खरा आहे. पाण्याचा अंश वगळल्यास मेंदूच्या उरलेल्या वजनापैकीं सुमारें निम्मा भाग स्निग्ध द्रव्यांचाच असतो. मात्र ही चरबी पोटावरच्यासारखी सांठवणीची नव्हे; ती प्रत्येक पेशीच्या पातळ पडद्यांत बसविलेली असते.

कमरेपासून पायाकडे जाणारा तंतु गजभर लांब असूं शकतो. तो वाढावयाचा म्हणजे तेवढा पडदा नवा निर्माण झाला पाहिजे. ही आज्ञा देतो कोण? उत्तर शोधलें रीता लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन विदुषीनें. १९३८ च्या वंशभेदाच्या कायद्यांनीं ज्यू म्हणून विद्यापीठ बंद झालें, तेव्हां बाईंनीं तूरीन येथें निजावयाच्या खोलींतच कोंबडीच्या गर्भांवर प्रयोग मांडले. (प्रयोगशाळा नाहीं म्हणून शास्त्रविषय सोडणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत धरावें.) पुढें अमेरिकेंत, उंदराच्या एका गांठींतून पाझरणाऱ्या द्रव्यानें मज्जातंतूंस फुटवे येतात असें त्यांस आढळलें. सहकारी स्टॅन्ली कोहेन यांनीं तेंच द्रव्य सर्पविषांत व उंदराच्या लाळपिंडांतही हुडकलें. १९८६ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

हें द्रव्य पडद्यावरील ठराविक ग्राहकास चिकटलें कीं पडद्यांतीलच एका स्निग्ध द्रव्याचे दोन तुकडे होतात. एक तेथेंच राहतो, दुसरा आंत जाऊन कॅल्शियम मोकळें करतो. म्हणजे घराची भिंतच निरोप्याचें काम करते! नव्या पडद्यासाठीं मुख्यतः अंड्याच्या बलकांत असतें तसें लेसिथिन लागतें. तें मूळ पेशींतून यावें अशी आपली सहज कल्पना; पण उंदरांच्या मज्जापेशींवरील प्रयोगांत तंतु तें स्वतःही बनवितो असें दिसलें, व टोंकाकडील उत्पादन थांबवितांच वाढ खुंटली.

एवढें वाचून कोणी मुलांसाठीं लेसिथिनच्या बाटल्या आणूं नयेत. पोटांत गेलेलें लेसिथिन बहुतेक आंतड्यांतच फुटतें, आणि त्यानें स्मरणशक्ति वाढते असें सिद्ध झालेलें नाहीं. वृद्धिद्रव्याची कथाही सरळ नाहीं. मधुमेहानें तंतु क्षीण झालेल्या रोग्यांस तें टोंचून पाहिलें, तों टोंचल्या जागीं वेदना झाल्या व मोठ्या चांचणींत गुण आला नाहीं. डोळ्यांत मात्र यश आलें: बुबुळावरील पारदर्शक पडद्याचे तंतु निकामी होऊन तेथें व्रण पडतात, त्यांवर या द्रव्याचे थेंब २०१७ पासून युरोपांत मान्य झाले आहेत.