सलाईन कधी थांबवायचं

डेंगीचा ताप उतरला की नातेवाईक पिशव्या भरायला लागतात आणि नेमक्या त्याच वेळी सिस्टरच्या फेऱ्या वाढतात. वसमतच्या एका दवाखान्यात भाच्याच्या उशाशी बसून हे बघितलं. गडी विशीतला, मोंढ्यात हळदीची पोती वाहणारा. आजाराचा पाचवा दिवस. "ताप गेला की, सुट्टी द्या," बहिणीचा धोशा. डॉक्टर म्हणाले, "खरे दोन दिवस आत्ता सुरू झालेत. पायाला हात लावून बघा." पावलं गार होती.

डेंगीत रक्ताचा थेंब न सांडताही रक्तवाहिन्या रित्या होऊ शकतात. विषाणूचं एनएस-१ नावाचं प्रथिन केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतं आणि रक्तातला पातळ भाग छाती-पोटात झिरपतो. मागे उरलेलं रक्त दाटतं. बाहेर सगळे "पेशी किती आल्या?" विचारत असताना डॉक्टर रक्ताचा दाटपणा सांगणारा हिमॅटोक्रिट बघत होते. तो मूळ आकड्याच्या पाचव्या हिश्शानं चढला, तर गळती मोठी समजायची. शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब राखतं, त्यामुळे वरचा आकडा टिकतो आणि खालचा वर सरकतो. भाच्याचा दाब १०० वर ८० होता. भाऊजींना तो चांगला वाटला. सिस्टरनं मधल्या २० वर पेनाची रेघ मारली. अंतर एवढं आक्रसलं की तो शॉकच, रुग्ण उठून गप्पा मारत असला तरी.

मग सलाईन. पहिल्या तासात वजनाच्या दर किलोमागे ५ ते १० मिली, पुढे हात आखडत. दर तासाला नाडी, दाब, नख दाबून सोडल्यावर परतणारी लाली, लघवीचं माप. हळदीच्या गावात हळद-दूध सुचवणारे भेटतातच, पपईच्या पानांचा रसही आला. यातलं काहीही ही गळती बुजवत नाही.

काहींच्या हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. ईसीजी बदलतो, टू-डी इकोत हृदय ढिलं आकुंचन पावताना दिसतं. बहुतेकांचं ते आपोआप सुधारतं. पण तोवर अशा हृदयावर सलाईनचा मारा झाला, तर पाणी फुप्फुसांत साचतं. अशा रुग्णाला वेळेत नांदेडला हलवावं लागतं. आपल्याकडे सलाईन म्हणजेच उपचार, त्यामुळे हा धोका घरच्यांच्या गळी उतरवणं फार कठीण.

भाच्याचा इको ठीक आला. सलाईन लावल्यापासून तिसऱ्या दिवशी झिरपलेलं पाणी रक्तात परतू लागलं, लघवी वाढली, नाडी ५४ वर आली. बरं होताना ती अशी मंदावते, म्हणून तिला औषध दिलं नाही, सलाईनही काढलं. भाऊजी भडकले, "लेकरू एवढं अशक्त अन् बाटली काढता?" डॉक्टरांनी स्टेथोस्कोप त्यांच्या कानाला लावला आणि मुलाची पाठ ऐकवली. "हे आत्ता कोरडं आहे. आणखी एक बाटली चढवली, तर इथं बुडबुडे ऐकू येतील."