एक मूठ, दोन नळ्या

पिस्तुलाच्या वरच्या भागावरून एखाद्या गृहस्थाच्या घरांत चार दिवस वाद चालावा, हें आमच्या वडिलांच्या कानीं गेलें असतें तर त्यांनीं प्रथम पंचांग उघडून ग्रह पाहिले असते. परंतु बदलापूरच्या आमच्या घरीं गेल्या उन्हाळ्यांत असा वाद झाला खरा. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा गेलीं चार वर्षें नेमबाजी शिकत आहे. बावीस बोअरचें स्वतःचें पिस्तूल, रीतसर परवाना, सर्व कांहीं यथास्थित आहे. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो झोपाळ्यापाशीं आला व म्हणाला, "काका, मला बत्तीस बोअरचा वरचा भाग घ्यायचा आहे. खालचें पिस्तूल तेंच राहील." किंमत ऐकून आमचा झोपाळा थांबला.

घरांतील सामाईक पैसे ज्या कामासाठीं बाजूला ठेवले होते तें कामही लहान नव्हतें. आमचें घर गांवांत, उल्हास नदीपासून फार दूर नाहीं. २००५ च्या २६ जुलैस व पुन्हां २०१९ च्या २७ जुलैस नदीनें आमच्या माजघराचा समाचार घेतला. दुसऱ्या खेपेस तर धान्याच्या कोठ्यांसह वहिनींचें शिवणयंत्रही पाण्यांत गेलें. त्यामुळें मागची बाजू पाडून जोतें उंच करावयाचें ठरलें होतें. आतां जोतें कीं नळी, असा प्रश्न उभा राहिला. मातोश्रींचें मत विचारलें तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "त्या मेल्या लोखंडानें मुलाचा नेम सुधारणार आहे का, तेवढें आधीं बघून ये." वादांत इतकें मुद्देसूद भाषण दुसऱ्या कोणीं केलें नाहीं. म्हणून आम्हीं तें पाहावयाचें ठरविलें.

प्रथम वाचकांस या पिस्तुलाची घडण सांगितली पाहिजे. स्पर्धेच्या पिस्तुलाचे स्थूलमानानें दोन भाग. खालच्या भागांत मूठ व चाप. वरच्या भागांत नळी, मागेपुढें सरकून रिकामें काडतूस बाहेर फेंकणारा बोल्ट, आणि नेम धरण्याची पुढची माशी व मागची खांच. मूठ अक्रोडाच्या लांकडाची, नेमबाजाच्या तळहाताप्रमाणें तासून घेतलेली असते; ती दुसऱ्याच्या हातांत बसत नाहीं. चापाचा ताण ज्यानें त्यानें आपल्या बोटाला लावून घेतलेला असतो. थोडक्यांत, हाताचें जें कांहीं आहे तें खालीं राहतें, आणि डोळ्याचें जें आहे तें नळीबरोबर वर जातें. वरचा भाग काढून दुसरा बसविला तरी हाताची ओळख मोडत नाहीं, आणि प्रत्येक नळीची माशी त्या नळीवरच असल्यानें एकदां साधलेला नेमही तिच्याबरोबरच जातो. या युक्तीची सारी खुबी एवढ्यांत आहे.

युक्ति नवी नाहीं. अमेरिकेंतील कोल्ट कारखान्यानें आपल्या पंचेचाळीस बोअरच्या मोठ्या पिस्तुलावर स्वस्त बावीस बोअरचीं काडतुसें उडवितां यावीं म्हणून वरचा भाग बदलण्याचा संच १९३८ सालींच विकावयास काढला होता. तेथें हेतु काटकसरीचा होता. जर्मनीच्या वाल्थर कारखान्यानें १९६८ च्या सुमारास जें जी. एस. पी. नांवाचें पिस्तूल काढलें, त्यांत मात्र मोठ्या स्पर्धेचाच विचार होता: एकाच मुठीवर कधीं बावीस, कधीं बत्तीस. इटलींतील पार्दिनी कारखान्याच्या पिस्तुलांतही तीच सोय आहे. हा कारखाना जिआंपिएरो पार्दिनी या नेमबाजानें काढला, हें त्या पिस्तुलाची मूठ हातांत घेतल्यावर कोणी न सांगतांही ओळखूं येतें.

बत्तीस बोअर हवेंच कशाला? तर पुरुषांच्या २५ मीटरवरील स्पर्धांपैकीं 'सेंटर फायर' ही स्पर्धा बावीस बोअरनें खेळतां येत नाहीं, तिला ७.६२ पासून ९.६५ मिलिमीटरपर्यंतचीच गोळी लागते. ही स्पर्धा ऑलिंपिकमध्यें नाहीं, तरी आपल्या देशानें तिच्यांत नांव काढलें आहे. जसपाल राणा यांनीं १९९४ सालीं हिरोशिमा येथील आशियाई खेळांत याच स्पर्धेचें सुवर्णपदक मिळविलें, आणि २००६ सालीं दोहा येथें ६०० पैकीं ५९० गुण घेऊन जागतिक विक्रमाची बरोबरी केली. स्त्रियांची २५ मीटरची स्पर्धा अगदीं याच धर्तीची, परंतु ती बावीस बोअरवर चालते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालीं पालेंबांग येथें तिचेंच सुवर्णपदक जिंकलें. शेवटीं बरोबरी होऊन पुन्हां गोळ्या झाडाव्या लागल्या होत्या. तो प्रसंग आमच्या घरांतील सर्व मंडळींनीं श्वास रोखून पाहिला. पुतण्याच्या डोक्यांत हें वेड शिरलें तें बहुधा त्याच दिवशीं.

रविवारीं सकाळच्या गाडीनें आम्ही दोघे दादरला उतरलों व वरळीच्या नेमबाजीच्या मैदानावर गेलों. तेथील एका ज्येष्ठ नेमबाजांपाशीं दोन्ही वरचे भाग असलेलें पार्दिनी होतें, आणि त्यांचा हात व आमच्या पुतण्याचा हात योगायोगानें जवळजवळ एकाच मापाचा. त्यांच्या देखरेखीखालीं, त्यांच्याच पिस्तुलावर, दोन्ही भागांची परीक्षा करावयाची ठरली.

आधीं वजनाचा फरक. बत्तीसचा भाग हातांत घेतांच किंचित् जड लागतो. नियमानें सबंध पिस्तूल १४०० ग्रॅमच्या आंत असावें लागतें, त्या मर्यादेंत तो बसतो. बोल्ट भारी, स्प्रिंग ताठ. बावीसच्या काडतुसाला कडेवर ठोसा बसतो तर बत्तीसच्याला मध्यभागीं, म्हणून ठोसा मारणारी पिनही निराळी, आणि गोळ्यांची पेटी तर निराळी असणारच. गोळी पाहिली तर गंमत वाटते: बत्तीसची स्पर्धेची गोळी समोरून सपाट, पेन्सिलीच्या बुडासारखी. त्यामुळें कागदावर फाटकें भोंक न पडतां पंचिंग मशिनीनें पाडावें तसें स्वच्छ गोल भोंक पडतें.

या भोंकाचाही एक हिशेब आहे. भोंक वरच्या गुणाच्या रेषेला नुसतें टेंकलें तरी वरचा गुण मिळतो. कागदी लक्ष्यावर शंका आल्यास बावीसचें भोंक ५.६ मिलिमीटरच्या मापानें तपासतात, आणि सेंटर फायरचें, गोळी कोणतीही असो, ९.६५ च्या मापानें. म्हणजे बत्तीसवाल्याला प्रत्येक बाजूस सुमारें दोन मिलिमीटरांची मोकळीक अधिक. दहाचें वर्तुळ केवळ ५० मिलिमीटर व्यासाचें असतांना दोन मिलिमीटर म्हणजे थोडें नव्हे. "मग तर यांत अधिकच गुण मिळतील," असें आम्ही बोलून गेलों. ज्येष्ठ गृहस्थ हंसले व म्हणाले, "उडवूं द्या त्याला."

मंदगतीच्या तीस गोळ्यांत बावीसनें ३०० पैकीं २७४ व बत्तीसनें २७१ गुण पडले. फरक नांवाचाच. पुढें जलद भाग. त्यांत हात खालीं तिरपा धरून उभें राहावयाचें. लक्ष्य तीन सेकंद दिसतें, सात सेकंद लपतें. प्रत्येक दर्शनास एकच गोळी. या भागांतील दहाचें वर्तुळ दुपटीनें मोठें असतें. बावीसनें २७६ झाले. बत्तीसनें २४९. पुतण्याचा चेहरा पाहवेना. बहुतेक गोळ्या डाव्या अंगास, खालीं.

आम्हीं मनाशीं निदान केलें कीं धक्का मोठा, म्हणून हात लौकर सांवरत नाहीं. गणितही अनुकूल होतें. बावीसची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, बत्तीसची सहा ग्रॅमच्या वर. वेग बत्तीसचा कमी असला तरी हाताला बसणारा धक्का दीडपटीहून अधिकच. परंतु निदान चुकलें. एका गोळीनंतर सात सेकंद मोकळे असतात. तेवढ्यांत हात सांवरून वर विश्रांतीही होते. मग गोळ्या गेल्या कोठें?

ज्येष्ठांनीं तें दाखविलें. त्यांनीं स्वतः पेटी भरली व त्यांत एक-दोन काडतुसें दारू नसलेलीं, खेळण्यांतलीं म्हणावीं अशीं, पुतण्याच्या नकळत घातलीं. दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्या वेळीं नुसता "टक्" असा आवाज झाला, आणि त्याच क्षणीं पिस्तुलाचें तोंड बोटभर खालीं झुकलेलें आम्हीं सर्वांनीं पाहिलें. धक्का आलाच नव्हता. हातानें त्याला आधींच नमस्कार केला होता. नुकसान गोळी सुटल्यानंतर होत नव्हतें, सुटण्यापूर्वीं होत होतें. मंद भागांत वेळ असल्यानें ही भीति दबून राहते, तीन सेकंदांत ती वर येते.

तेथेंच बांकावर एक गृहस्थ निराळ्याच पिस्तुलांविषयीं बोलत होते. पाश्चात्य देशांत धांवत, वळत, घड्याळाच्या कांट्यावर गोळ्या झाडण्याच्या शर्यती असतात. आय. पी. एस. सी. ही त्यांची संस्था १९७६ सालीं स्थापन झाली. तेथें खुल्या वर्गांत नळीच्या तोंडाशीं वायु वर फेंकणारा सच्छिद्र तुकडा लावतात, म्हणजे तोंड उसळत नाहीं. आणि माशीऐवजीं तांबडा ठिपका दाखविणारी कांच असते. त्या शर्यतींत एका पाठोपाठ एक गोळ्या सुटतात, म्हणून उसळीचा बंदोबस्त हाच तेथील वरच्या भागाचा मुख्य गुण. आमच्या मुलाच्या दुखण्यावर तें औषध नव्हे.

घरीं आल्यावर ही हकीकत आम्हीं थोरल्या चुलत्यांस सांगितली. त्यांची उभी हयात अंबरनाथच्या आयुध कारखान्यांत लेथवर गेली. चौऱ्याऐंशीव्या वर्षींही दोन तुकड्यांची सांध त्यांना बोटानें कळते. त्यांनीं पहिलाच प्रश्न विचारला तो असा: "वरचा भाग खालच्यावर हलतो का?" किंचित् हलतो, असें सांगतां ते म्हणाले, "हलूं दे. नळी आणि माशी एकाच तुकड्यावर आहेत ना? मग ती सांध सैल असली तरी नेम कसा चुकेल? चुकेल तो खालचाच." तांबड्या ठिपक्याची कांच खालच्या सांगाड्यावर बसवितात हें ऐकून मात्र ते सावरून बसले; नळी एका तुकड्यावर व नेम दुसऱ्यावर असेल तर ती सांध केंसाइतकीही सैल चालणार नाहीं, असें त्यांनीं बजावलें. वरळीच्या बांकावर अर्धा तास ऐकून जें आम्हांस उमगलें नव्हतें तें त्यांनीं सुपारी कातरतां कातरतां सांगितलें.

कागदपत्रांचीही एक बाब निघाली. १९५९ च्या कायद्यानें शस्त्रांचे भाग हेंही शस्त्रच मानलें आहे. तेव्हां नुसता वरचा भाग घेणें म्हणजे घड्याळाचा पट्टा बदलणें नव्हे; परवान्याची सर्व वाट पुन्हां चालावी लागते. बंधूंच्या कपाळावर आठी पडली ती किंमतीपेक्षां यामुळेंच.

आमचें मत आम्हीं उघड दिलें. दोन्ही भागांत खोट काढण्यासारखें कांहीं नाहीं. बत्तीसचा भाग उत्तम आहे, भोंकाचा फायदाही खरा आहे. परंतु आज तो घेतला तर मुलगा रोज त्याच भीतीचा सराव करील, आणि महागड्या काडतुसांनीं करील. मुलगा रागावला. दोन दिवस तो आमच्याशीं बोलला नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याही घशाखालीं घांस उतरत नव्हता. बावीस-तेवीसाव्या वर्षीं हात जितका शिकतो तितका पुढें शिकत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. वाट पाहण्यांत त्याचीं चांगलीं वर्षें जाणार नाहींत असें छातीवर हात ठेवून कोण सांगणार?

तिसऱ्या दिवशीं त्यानें आपल्या बावीसच्या पेटींत दारू नसलेलीं काडतुसें स्वतःच मिसळण्यास आरंभ केला. पेटी भरण्याचें काम त्यानें मैदानावरील एका सोबत्याकडे दिलें आहे, म्हणजे कोणतें कोठें आहे तें आपणांस कळूं नये. महिन्यांतून दोन रविवार ज्येष्ठ गृहस्थ आपला बत्तीसचा भाग त्यांच्या समक्ष वापरूं देतात. दिवाळीपूर्वीं जलद भागांत २६३ झाले. जोत्याचें काम पाडव्यानंतर सुरू झालें असून दोन फूट उंची घेतली आहे. मातोश्रींनीं मात्र गवंड्याचा हिशेब ऐकतांना मध्येंच विचारलें, "त्या नळीचे पैसे पुढल्या वर्षीं कोणत्या खात्यांतून काढणार?"